आठवा ठोका

जालिंदर वायदंडेच्या फायलीत शेवटच्या पानावर एक ओळ होती : 'अपघातानंतर रुग्णाची लयीची जाणीव बाधित झालेली दिसते. हातात दोष नाही.' खाली पुण्याच्या इंजिनिअरची सही आणि कंपनीचा गोल शिक्का.

मी ती ओळ दोनदा वाचली आणि काउंटरपलीकडं बसलेल्या माणसाकडं बघितलं. पंचेचाळिशीचा असेल. धुतलेला पांढरा शर्ट, गळ्यात काळा दोरा, उजव्या कोपराखाली राखाडी रंगाचा कंपनीचा हात. तीस वर्षं हलगी वाजवतोय. आमच्या भागात ज्याच्या हलगीवर पैलवान मातीला हात लावून आत उतरतात, त्या माणसाला लय कळत नाही असं एका शहाण्यानं खुर्चीत बसून लिहून दिलं होतं. ही २०३९ ची गोष्ट. माणसाला यंत्राचा हात बसवता येतो, पण माणसाला अडाणी ठरवायची खोड काही जात नाही.

"खरंच असंल ते," जालिंदर म्हणाला. "तुम्ही फक्त त्यो जलद हालचालीचा मोड तेवढा काढून टाका. बॅटरी खातोय. आता मला जेवायपुरता हात बास."

माझं दुकान मिरजेत, तंतुवाद्यांच्या गल्लीला लागून. अब्बा रेडिओ दुरुस्त करायचे. मी बारावीनंतर शाळेचं तोंड बघितलं नाही. श्रवणयंत्रं, कृत्रिम पाय, हात, जे येईल ते उघडत आले आणि उघडून उघडून शिकले. पाटी आहे 'मुजावर रिपेअरिंग'. डिग्रीवाले नाक मुरडतात आणि काम अडलं की मागच्या दारानं फोन करतात.

मी त्याला विचारलं, मोड काढायचा म्हणजे हलगी सोडायची का. तो हो म्हणाला. दोन वर्षांपूर्वी कडबाकुट्टीच्या यंत्रात हात गेला. सरकारी योजनेतून हा फुकट मिळाला तेव्हा घरात पेढे वाटले. पण दोन महिने वाजवून बघितलं आणि काहीतरी बिघडलं होतं. आठ दिवसांवर वाघजाईवाडीला भैरोबाच्या जत्रेचं कुस्तीचं मैदान होतं. तिथला पहिला ठोका त्यांच्या घराचा, आज्यापासून. यंदा त्यानं धाकट्या भावाला, हणमंताला, सांगून टाकलं होतं की दुसरा हलगीवाला बघ.

"बिघडलं म्हणजे नेमकं काय?"

"आठवा पळतोय," तो म्हणाला.

मला कळलं नाही. त्यानं पिशवीतून हलगीचं जाड टिपरू, म्हणजे वाजवायची काडी, काढलं, यंत्राच्या बोटांत धरलं आणि माझ्या काउंटरच्या लाकडावर वाजवायला लागला. मला तर ते झकास वाटलं. शेजारचा सतारवाला दारात येऊन उभा राहिला. जालिंदर मात्र आंबट तोंड करून वाजवत होता. "हे बघा. सात बरोबर. आठवा पुढं पळतो. ऐकलं?"

मी नाही ऐकलं. मग तो जे बोलला, त्यात त्याचं खरं दुखणं होतं. एकटा वाजवला की आठवा पळतो. ताफ्यात वाजवला, ढोलासारखं घुमकं, झांजेसारखं कैताळ, दुसरी हलगी सोबत असली, की सगळं बरोबर येतं. चौघं एका जागी ठोका टाकतात. मग चूक कुणाची? तीन माणसं म्हणतात बरोबर, कंपनीचं मशीन म्हणतं बरोबर, एकट्या जालिंदरचा कान म्हणतो चूक. म्हणजे कानच गेला.

"हात गेल्याचं एवढं वाटलं न्हाई ताई," तो म्हणाला. "कान गेला म्हटल्यावर काय ऱ्हातंय?"

मी माईक लावला. संगणकावर ठोके मोजले. जालिंदरला बघायला स्क्रीन वळवून दिली, कारण माणसाचं आहे ते माणसाला दिसलं पाहिजे. सात ठोक्यांमधलं अंतर केसाइतकंही हललं नव्हतं. सातव्यानंतर आठवा मात्र बावीस मिलिसेकंद आधी. पापणी लवायला याच्या पाच-सहापट वेळ लागतो. इतका फरक या माणसानं नुसत्या कानानं धरला होता, आणि त्याच्या फायलीत लिहिलं होतं लयीची जाणीव बाधित.

"तुमचा कान जागेवर आहे," मी सांगितलं.

त्यानं स्क्रीनवरच्या आठव्या ठोक्यावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "म्हंजे आठव्या ठोक्यात दोष हाय."

मलाही तेव्हा तसंच वाटलं. आम्ही दोघंही चुकत होतो.

मी पुण्याला फोन लावला. साहेब बोलले. अगदी गोड बोलले. तीस मिलिसेकंदांपर्यंतचा फरक त्यांच्या नियमात बसतो. सरासरी काढली तर हात उत्तम आहे. आणि ताई, हा हात जेवायला, बटण लावायला, दार उघडायला दिलेला आहे, वाद्य वाजवायला नाही. मी विचारलं, हे वाक्य तुम्ही सतार वाजवणाऱ्या एखाद्या पंडिताला ऐकवाल का? त्यांना एकदम दुसरी मीटिंग आठवली.

दुसऱ्या दिवशी जालिंदरला परत बोलावलं आणि म्हटलं, भाऊ, आठाची चाल सोडा, सहाची वाजवा. त्यानं वाजवली. आणि वाजवता वाजवता त्याच्या भुवया वर गेल्या. पळणारा ठोका आता एका जागी नव्हता. कधी दुसऱ्यावर, कधी चौथ्यावर, कधी शेवटच्यावर. नुसता हिंडत होता.

मी कागदावर पहिल्यापासून मोजले. आठवा, सोळावा, चोविसावा, बत्तिसावा. चाल कुठलीही असो, आत कोणीतरी आपलं आपलं आठ मोजत बसलं होतं. माणूस असं मोजत नाही. असं मोजतं ते फक्त मशीन.

आता हाताचा प्रोग्राम वाचायचा होता. तीन-चार वर्षांपूर्वी आलेल्या शरीरयंत्र कायद्यानं एक चांगलं काम केलं होतं. जे यंत्र माणसाच्या अंगावर कायमचं बसतं, त्याचा प्रोग्राम मागितल्यावर द्यावा लागतो. जालिंदरनं अर्ज केला, चौथ्या दिवशी फाइल आली. मी सकाळी बसले आणि दुपारी जेवायच्या आधी मला ती सापडली. लपवलेलीही नव्हती.

हा हात चालतो कसा, ते आधी सांगते. कोपराखालच्या स्नायूंतून जो बारीक विजेचा इशारा येतो तो चिप वाचते आणि बोटं, मनगट हलवते. शिकण्यासाठी ती शेवटच्या चौसष्ट हालचाली लक्षात ठेवते. प्रत्येक हालचालीची एक नोंद; जलद मोडमध्ये एक ठोका म्हणजे एक नोंद, आणि मोड लावला की मोजणी पहिलीपासून. नोंदीत दोन गोष्टी : कुठली मोटर हलवायची, त्याला एक बाइट. कधी हलवायची, तो वेळेचा आकडा, त्याला आठ बाइट. एकूण नऊ. मनगट एकदा खाली येईपर्यंत चिप ती नोंद शेकडो वेळा वाचते.

आता चिपची सवय. माझ्या दुकानातल्या भिंतीवर स्क्रूचे खण आहेत, ओळीनं, आणि आठ-आठ खणांचा एक ट्रे. ओढला की अख्खा ट्रे बाहेर येतो, अर्धा येत नाही. चिपची स्मरणशक्ती तशीच. ती आठ बाइटचा ट्रे एकदम ओढते. आठ बाइटचा आकडा ट्रेच्या पहिल्या खणापासून ठेवला, तर एका ओढीत हातात येतो. तोच आकडा दुसऱ्या खणापासून ठेवला, तर सात तुकडे या ट्रेमध्ये आणि एक पुढच्यात. जुन्या चिपला ते चालायचं, निमूट दोन ट्रे ओढायची. नवीन चिप तसं करत नाही. ती हातातलं काम टाकते, एका मदतनीस प्रोग्रामला हाक मारते, तो येऊन एकेक खण उघडून तुकडे जोडतो आणि मग काम पुढं. एका वेळेला काहीच नाही. शेकडो वेळा झालं की बावीस मिलिसेकंद.

म्हणून प्रत्येक प्रकाराच्या माहितीला आपली बसायची जागा असते. एक बाइटवालं कुठंही बसतं. चार बाइटवालं चाराच्या पाढ्यात बसतं. आठवालं आठाच्या. ही जागा चिप बदलली की बदलू शकते, म्हणून प्रोग्रामच्या भाषेतच एक प्रश्न दिलेला आहे : अलाइनऑफ. त्या प्रकाराचं नाव घालून विचारायचं, बाबा तू कितीच्या पाढ्यात बसतोस? तो आकडा सांगतो. विचारायला एक ओळ लागते.

मी विचारलं. जुन्या चिपसाठी विचारलं, तर वेळेच्या आकड्यानं उत्तर दिलं चार. नव्या चिपसाठी विचारलं, उत्तर आलं आठ. कंपनीनं दोन वर्षांपूर्वी चिप बदलली, स्वस्त पडली म्हणून, आणि हा प्रश्न पुन्हा कोणी विचारला नाही. वर भाषेला बजावून ठेवलं होतं की नोंदी एकाला एक चिकटवून भर, मध्ये रिकामी जागा सोडू नकोस. एका नोंदीमागं सात बाइटची काटकसर, चौसष्ट नोंदींत चारशे अठ्ठेचाळीस. रोज सकाळी नातेवाईक गुलाबाच्या फुलाचा जो फोटो पाठवतात, त्याचा एक कोपरासुद्धा एवढ्यात मावणार नाही. एवढ्यासाठी एका माणसाच्या कानावर शिक्का मारला.

मग मी नोंदींच्या जागा मोजल्या. चिप खण शून्यापासून मोजते; शून्यात मोटर, म्हणून पहिल्या नोंदीत वेळेचा आकडा खण एकवर सुरू होतो. दुसरीत दहावर. मग एकोणीस, अठ्ठावीस, सदतीस, शेहेचाळीस, पंचावन्न. यातला एकही आठाच्या पाढ्यात नाही. आठवीत चौसष्ट. आठ आठे चौसष्ट.

मी पेन खाली ठेवला. जालिंदर समोर चहा पीत होता. मी म्हटलं, "भाऊ, आठवा ठोका पळत नाही. तो एकटाच बरोबर आहे. बाकीचे सात उशिरा पडतात."

त्यानं कप बशीत ठेवला. हे त्याला समजावून सांगावं लागलं नाही. उशीर सातांना सारखाच होता, म्हणून कानाला तो सरळ वाटत होता, आणि जो वेळेवर आला तोच आगाऊ दिसत होता.

"सात जण चुकीचं चालत्यात," तो सावकाश म्हणाला, "आन् वेळेवर येतो त्यालाच शिव्या."

"गावात असंच असतं."

"कंपनीत पण," तो म्हणाला आणि पहिल्यांदाच हसला.

दुरुस्ती अर्ध्या तासाची होती. चिकटवून भरायचा हुकूम काढायचा, आकड्याला त्याची जागा विचारायची, आणि मोटरच्या बाइटनंतर सात खण रिकामे सोडायचे. अडचण वेगळी होती, ती मी त्याला आधी सांगितली. कायद्यानं प्रोग्राम बदलायला परवानगी आहे, पण बदलला की कंपनीची आयुष्यभराची फुकट सेवा बंद. उद्या मोटर जळली तर कंपनी दारात उभं करणार नाही. मी आहे, पण मीही माणूस आहे, दुकान बंद पडू शकतं, मी मरू शकते. नाही बदलला तर हात जेवायला, बटणाला, दाराला आयुष्यभर चालेल.

मी म्हटलं, घरी जा, विचार करून या. तो म्हणाला, घरी विचारलं तर बायको म्हणंल बदलू नका, आन् ती बरोबरच बोलंल. मग तो भिंतीवरच्या खणांकडं बघायला लागला. त्यानं विचारलं, ते सात खण रिकामे सोडणार ते वाया जात न्हाईत का?

मी सांगितलं की त्या रिकाम्या जागेमुळंच पुढच्याला नीट बसता येतं.

"मग बदला," तो म्हणाला आणि कोपराचा पट्टा सोडून हात माझ्यासमोर ठेवला.

जत्रेच्या दोन दिवस आधी मी वाघजाईवाडीला गेले. हात ताफ्यात कसा वागतो ते मला बघायचं होतं. शाळेमागच्या चिंचेखाली चौघं जमले होते. उसाचं पाचट पेटवून त्यावर हलग्या शेकत होते, कातडं तापून ताणलं की आवाज खणखणीत येतो. हणमंत भावापेक्षा ठेंगणा, अंगानं भरलेला, पोटाशी घुमकं बांधलेलं. त्यानं मला नमस्कार केला आणि विचारलं, "दादाचा हात खरंच सुधारला व्हय?" मला त्या प्रश्नात आनंदापेक्षा काळजी जास्त ऐकू आली. का, ते पुढच्या पाच मिनिटांत कळलं.

जालिंदरनं सुरुवात केली. एकटाच. आठ ठोके, पुन्हा आठ. त्यानं डोळे मिटले. ठोका सरळ रेघेसारखा पडत होता. चाळीसएक ठोके त्यानं एकट्यानं वाजवले, कुणाला आत येऊ दिलं नाही. मग मान हलवून ताफ्याला खूण केली.

घुमकं आत आलं, कैताळ आलं, दुसरी हलगी आली. आणि सगळं फिसकटलं. सात ठोके चौघं एकत्र, आठव्याला तिघं पुढं आणि जालिंदर एकटा मागं. त्यानं पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. मी हाताची नोंद फोनवर उघडली. हात चोख होता.

जालिंदरनं टिपरू वर धरलं. सगळे थांबले.

"हणमा," तो म्हणाला, "आठवा का पळवतोस?"

हणमंत घुमक्याची दोरी सारखी करायला लागला. कैताळवाला जमिनीकडं बघत होता.

"कधीपास्नं पळवतोस?"

"तुला हात लागल्यापास्नं," हणमंत म्हणाला.

मला मागाहून समजलं, या लोकांत एक रीत आहे. मेन हलगीवाला चुकला तर बोलायचं नाही. घुमक्यानं त्याच्या ठोक्याला जाऊन मिळायचं, बाकीच्यांनी घुमक्याला. ऐकणाऱ्याला चूक दिसता कामा नये. दारू पिऊन आलेल्याला, ताप आलेल्याला, म्हाताऱ्याला असंच झाकत आलेत. हणमंतानं भावाचा आठवा ठोका पळताना पहिल्याच दिवशी ऐकला, आणि त्या दिवसापासून आपला आठवा तेवढाच पळवायला लागला. बाकी दोघांना दम दिला. दोन महिने तिघांनी बावीस मिलिसेकंद बिनचूक चोरले. त्यामुळं जालिंदरला ताफ्यात सगळं बरोबर वाटलं, आणि स्वतःच्या कानावरचा विश्वास उडाला. ज्याला वाचवायला निघाले, त्यालाच या झाकण्यानं बुडवलं असतं.

"मला सांगायचं न्हाईस?" जालिंदरचा आवाज चढला होता. "माझा कान गेला म्हणून मी हलगी खुंटीला लावाय निघालो. तू बघत बसलास?"

"सांगितलं असतं तर तू हातच परत दिला असतास," हणमंत म्हणाला. "मला वाटलं, चालतंय तवर चालू दे. तू वाजवतोयस न्हवं."

जालिंदरनं त्याला एक शिवी दिली. ती मी लिहीत नाही, पण ती ऐकून कैताळवाल्याला हसू आलं. मग त्यानं टिपरू खाली घेतलं आणि म्हणाला, चला, पहिल्यापासून. आठवा जागेवर टाका. तीन तास त्यांनी घोटलं. एकदा लागलेली सवय सोडवणं प्रोग्राम बदलण्यासारखं अर्ध्या तासाचं काम नाही. दुपार कलली तेव्हा तिघांपैकी दोघं जागेवर आले होते. हणमंत दहात एकदा अजून पळत होता.

जत्रेच्या दिवशी मी मैदानावर बांधाच्या बाजूला बसले होते. पंचक्रोशीतली माणसं, टोप्या, फेटे, आइसगोळ्याची गाडी. लाल मातीची पूजा झाली, नारळ फुटला, आणि जालिंदरनं पहिला ठोका टाकला. राखाडी हात, शेंदरी फेटा. पहिली जोडी मातीत उतरली तशी हलगी चढत गेली. माझ्या शेजारच्या म्हातारबुवांनी मांडीवर थाप मारत सांगितलं की हा वायदंड्याचा थोरला, ह्याचा आज्जा असाच वाजवायचा. हाताबद्दल ते काहीच बोलले नाहीत. मला वाटतं, त्यांनी तो बघितलाच नव्हता.

शेवटची मोठी कुस्ती सुरू झाली. मी सवयीनं फोनवर हाताची नोंद बघत होते. आठवा ठोका पुढं होता. बावीस मिलिसेकंद. पुढच्या आठात नीट. मग तीन आवर्तनांनंतर पुन्हा पुढं. मी प्रोग्राम डोळ्यांपुढं आणला, कुठला आकडा कुठल्या खणात, काय राहून गेलं. या माणसाची कंपनीची सेवा मी माझ्या शब्दावर घालवली होती.

कुस्ती चितपट झाली, गुलाल उडाला, आणि मी गर्दी ढकलत त्याच्यापर्यंत पोचले. फोन त्याच्यासमोर धरला. म्हटलं, भाऊ, आठवा पुन्हा पळतोय, हात काढा, आत्ता बघते.

जालिंदरनं फोनकडं बघितलं, मग वळून हणमंताकडं. हणमंत घुमकं सोडून पाणी पीत होता, कैताळवाल्याशी हसत होता. त्याला काही पत्ता नव्हता.

"हात बरोबर हाय ताई," जालिंदर हळूच म्हणाला. "हणमा तीनदा पळाला. मी त्याला जाऊन मिळालो."

मी नोंद पुन्हा बघितली. तीनच ठोके होते.

"त्याला सांगू नका," तो म्हणाला, आणि टिपरू डाव्या हातात घेऊन यंत्राच्या हातानं माझ्यापुढं गुळाचा खडा धरला.

कंपनीच्या त्या ओळीवर मी तीन पत्रं लिहिली. तिसऱ्यानंतर त्यांनी ती फायलीतून काढली आणि राज्यातल्या सगळ्या हातांना गुपचूप नवा प्रोग्राम पाठवला. माझं नाव कुठं नाही, जालिंदरचंही नाही. मी त्याला हे चिडून सांगितलं, तर तो म्हणाला की असू दे, आता इचलकरंजीत कुणी बाई शिलाई मारत असंल तर तिचा आठवा टाका सरळ पडंल. मी अजून चिडलेलीच आहे. तो मात्र कुपवाडच्या वरातीला निघाला होता, हणमंत मोटारसायकलवर खोळंबला होता, आणि जालिंदरला उशीर झालेला चालत नाही.